नावात शिरलेलं वय

रत्नमाला खोब्रागडेचा हात हलका आहे. शिबिरात लहान पोरं तिच्याच रांगेत उभी राहायला बघतात, कारण तिनं सुई कधी टोचली ते कळत नाही. माणसांशी ती कधी मोठ्यानं बोलत नाही. वस्तूंशी मात्र भांडते. फ्रीजचं दार नीट लागलं नाही, प्रिंटरनं कागद चावला, इन्व्हर्टर बंद पडला की तिचं पुटपुटणं सुरू होतं, आणि केंद्रातली माणसं समजून जातात की आता बाईंना चहा द्यावा.

ती मूळची कारध्याची. वडील चिंधू गवंडीकाम करायचे. पुलापलीकडे भंडाऱ्यात एकदा त्यांनी एका रक्त तपासणीच्या लॅबचं काम केलं. काचेआड पांढरा कोट घालून बसलेली बाई त्यांच्या डोळ्यांत भरली. घरी येऊन म्हणाले, "आपली रत्ना असंच बसून काम करन. उन्हात नाही." मुलगी नागपूरला जाऊन लॅबचा डिप्लोमा करून आली. पुढे साकोली डेपोत कंडक्टर असलेल्या अश्वजितशी लग्न झालं आणि साकोलीतच ‘निरंजना आरोग्य मंडळ’ नावाच्या संस्थेच्या सिकलसेल तपासणी केंद्रात तिला नोकरी लागली. खाली खताचं दुकान, वर केंद्र. खिडकी उघडली की युरियाचा वास.

सिकलसेल काय असतं ते या भागात समजावून सांगावं लागत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि माणूस हातापायाच्या दुखण्यानं तळमळतो. आजार आईबापाकडून येतो. ज्याच्यात तो दोष अर्धाच असतो त्याला काही त्रास होत नाही, त्याला वाहक म्हणतात. पण नवराबायको दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढी भीती असते की बाळ पूर्ण आजार घेऊन येईल. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, असं रत्नमाला गावोगाव सांगत फिरते.

शिबिरात आधी झटपट चाचणी व्हायची. काचेच्या नळीत रक्ताचा थेंब आणि औषधी पाणी घालायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. नळी गढूळ झाली आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर संशय. संशय असलेल्यांचं आणि ज्यांच्या घरात रुग्ण आहे अशांचं रक्त केंद्रातल्या मोठ्या मशीनवर जायचं. मशीन रक्तातले वेगवेगळे भाग टक्क्यांत मोजून देते. त्यातला ‘एस’ नावाचा भाग म्हणजे सिकल. एस नाही तर दोष नाही, एस मध्यम तर वाहक, एस खूप तर रुग्ण.

मशीनसोबत आलेला कॉम्प्युटर बिघडला तिथून सगळं सुरू झालं. तो स्वतःच अहवाल तयार करून द्यायचा. कंपनीनं नवीन घ्या म्हणून सांगितलं, संस्थेनं पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं. संस्थेचे समन्वयक चंद्रकुमार कुठूनतरी एक जुना कॉम्प्युटर घेऊन आले. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. मशीन त्याला जोडलं की प्रत्येक माणसामागे साध्या मजकुराची एक ओळ फाइलमध्ये पडायची. आधी नंबर, मग नाव, मग वय, मग आकडेच आकडे, मधे एकेक स्पेस. अहवालाला त्यातलं हवं होतं फक्त नंबर, नाव आणि एसचा आकडा. सुरुवातीला रत्नमाला ओळीवर पट्टी धरून हातानं आकडे उतरवून घ्यायची. मान आखडून जायची.

दिवाळीत चंद्रकुमारांचा भाचा भुपेंद्र आला होता. तो पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मामाच्या आग्रहाखातर अर्धा तास केंद्रात बसला, काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, "ताई, यात कट नावाची एक कमांड आहे. शेवेच्या सोऱ्यासारखी नाही, विळीसारखी समजा. फाइल उभी कापते. कुठं तोडायचं ते सांगायचं आणि कोणता कोणता तुकडा ठेवायचा ते सांगायचं. आपण स्पेस आली की तोड म्हणून सांगू. पहिला तुकडा नंबर, दुसरा-तिसरा-चौथा नाव, आणि आठवा एस. बाकीचा कचरा."

त्यानं एका चिठ्ठीवर लिहून दिलं: cut -d ' ' -f 1-4,8 आणि पुढं फाइलचं नाव. चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली. एंटर दाबला की दिवसभराचं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायचं. रत्नमालेला त्या दिवशी खरंच बरं वाटलं. ही छाटलेली फाइल ती चंद्रकुमारांच्या ऑफिसात पाठवायची. तिथं आकड्यावरून ‘दोष नाही’, ‘वाहक’ किंवा ‘रुग्ण’ असा शेरा आपोआप लागायचा आणि नाव-शेरा छापलेला अहवाल लोकांना मिळायचा. एसचा आकडा कागदावर येत नसे. लोक आकड्याला घाबरतात, असं चंद्रकुमारांचं मत होतं.

तक्रार घेऊन पहिली आली ती गोदावरीबाई लांजेवार. सत्तरीची, ताठ, कपाळावर गोंदण. नातू रुग्ण निघाला म्हणून घरच्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं. तिनं अहवाल टेबलावर आपटला.

"माया कागदावर का लिवलं हाये, वाच."

रत्नमालेनं वाचलं. रुग्ण.

"मले जन्माचा रोग हाये म्हणते तुयी मशीन! सत्तर वर्सं चिखलात धानाचे रोवणे केले मी. पाच बाळंतपणं झाली. एक दिवस हातपाय दुखले नाही. आता सून म्हणते, बुढीनंच नातवाले रोग देल्ला. दोन दिवस झाले, घरात माह्याशी कोणी बोलून नाही राहिलं."

रत्नमालेनं तिला बसवलं, पाणी दिलं, पुन्हा रक्त घेतलं आणि या वेळी मशीनच्या छोट्या पडद्यावर स्वतः आकडा बघितला. एस शून्य. गोदावरीबाईला काहीच नव्हतं. नवा अहवाल हातानं लिहून सही-शिक्क्यासकट दिला. म्हातारी जिना उतरताना खतवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात संस्थेचा उद्धार करून गेली.

चंद्रकुमारांना सांगितलं तर ते म्हणाले, "लेबल बदललं असन बाई. गर्दीत होते असं. तुमी जरा ध्यान द्या."

"सर, लेबल मी स्वतः लावते. नळी हातात असतानाच."

"मंग मशीन खोटं बोलते काय?"

मशीन खोटं बोलत नव्हतं हे तिनं नुकतंच बघितलं होतं. तिनं लेबलं दुहेरी केली. एक नळीवर, एक झाकणावर. प्रत्येक माणसाला नाव दोनदा विचारायला लागली, तर रांगेतले लोक वैतागले. "एकदा सांगतलं ना, मॅडम!" ती डबा न खाता जुनी लेबलं पडताळत बसायची. प्रत्येक लेबल बरोबर निघायचं आणि प्रत्येक बरोबर लेबलागणिक तिचा संताप वाढायचा. घरी अश्वजितनं नुसतं विचारलं, "भाजीत मीठ कमी आहे काय?" तर ती म्हणाली, "हो, तेही माझंच चुकलं." त्यानं मीठ वाढून घेतलं.

मग एका दुपारी दामिनी कापगते आली. सानगडीजवळच्या गावची. तिचा धाकटा भाऊ मनिष केंद्राचा जुना रुग्ण, त्यामुळे रत्नमाला त्या घराला चांगली ओळखत होती. मनिषला घेऊन येणारी दामिनीच. दर वेळी थकलेली, काळजीत. आज मात्र ती हसत होती.

"ताई, लग्न जुळलं माझं. कोंढ्याचा मुलगा आहे, कैलाश काटेखाये. तुमच्याच शिबिरात रक्त तपासलं त्यानं."

"अरे वा! मग?"

"तो वाहक निघाला. पण माझा अहवाल आला ना, दोष नाही म्हणून. मी तं म्हटलं, मनिषले एवढं आहे, मले काहीतरी असनच. कागद पाहून आई रडली, खरं सांगते. त्यांचे घरचेही म्हणाले, एकाले असलं तं चालते. आता सासूबाईंले कागदाची एक प्रत पायजे, म्हणून आली."

रत्नमालेनं फोल्डर उघडला, अहवाल काढला आणि छापायला लावला. कागद बाहेर येता येता तिची नजर नावावर पडली. इंग्रजी अक्षरांत दामिनी, कापगते, आणि त्यापुढं २३.

अहवालात वय छापत नाहीत. कोणाच्याच नाही. मग हिच्या नावात वय कुठून शिरलं?

"दामिनी, तुझं वय किती?"

"तेवीस. काहून?"

शिबिराचा दिवस तिला आठवला. दामिनीची नळी गढूळ झाली होती. रेघा दिसल्या नव्हत्या. तेव्हा ती मनात म्हणाली होती, अरेरे, हीपण. मग मशीनचा निकाल ‘दोष नाही’ आला तेव्हा तिला आनंदच झाला होता. झटपट चाचणी कधीकधी चुकते, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

तिनं छापलेला कागद उलटा ठेवला. "आणखी एकदा रक्त देशील काय? मशीनचा थोडा घोळ चालू आहे."

दामिनीचं हसू विझलं. "काय झालं, ताई?"

"मलाही अजून माहीत नाही. खोटं नाही सांगत."

दामिनी गेल्यावर तिनं मशीनवर नमुना लावला. थांबण्याच्या त्या वेळात कॉम्प्युटरवर शिबिराची मूळ फाइल उघडली, न कापलेली. दामिनीची ओळ शोधली आणि बोट ठेवून तुकडे मोजले. नंबर, दामिनी, कापगते, तेवीस. चौथा तुकडा वय होता. घाईत नोंद करणाऱ्यानं वडिलांचं नाव टाकलंच नव्हतं. नाव दोनच शब्दांचं, म्हणून पुढचं सगळं एकेक घर डावीकडे सरकलेलं. सातव्या जागी एस होता, सदतीस. आठव्या जागी त्याच्या शेजारचा भलताच भाग होता, जेमतेम तीन. कटनं सांगितल्याप्रमाणे आठवा तुकडा उचलला होता, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं तीन बघून ‘दोष नाही’ लिहिलं होतं.

मशीनचा आवाज थांबला. नव्या नमुन्यातही एस तेवढाच. दामिनी वाहक होती.

तिनं गोदावरीबाईची ओळ काढली. कोणीतरी नावाआधी ‘श्रीमती’ टाकलं होतं. नाव चार शब्दांचं, म्हणून सगळं उजवीकडे सरकलेलं आणि आठव्या जागी चांगल्या रक्ताचा आकडा येऊन बसलेला, शहाऐंशी. निरोगी बाईला निरोगी असल्याबद्दलच रुग्ण ठरवलं होतं. तिच्या अहवालात आडनाव गळालं होतं, तेही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रत्नमालेनं पडद्यावरची चिठ्ठी उपटली. मग ती हातात धरून बसून राहिली, कारण चिठ्ठीतही चूक नव्हती. भुपेंद्रनं दाखवायला घेतलेल्या फाइलमध्ये सगळी नावं तीन शब्दांची होती. एवढे महिने एंटर दाबणारी ती होती. एकदाही मूळ फाइल आणि कापलेली फाइल शेजारी ठेवून बघितली नव्हती.

चंद्रकुमार त्या आठवड्यात देणगीदार येणार म्हणून हैराण होते. भिंतीला रंग, बाहेर फलक, सादरीकरण. त्यांनी उभ्याउभ्या ऐकलं.

"एक केस आहे ना? दुरुस्त करून टाका. बाकीचं आता उकरू नका बाई. पाहुणे जाऊ द्या."

"सर, बाकी किती आहेत हे उकरल्याशिवाय कसं समजन?"

"लोक म्हणतील, संस्था चुकीचे रिपोर्ट देते."

"दिलेच आहेत सर."

ते चिडले नाहीत. खुर्चीवर बसले आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. "मले दोन दिवस द्या," म्हणाले. पण रत्नमालेला दोन दिवस म्हणजे दामिनीच्या घरी बस्ता बांधायला निघालेली माणसं दिसत होती.

भुपेंद्रनं तीन वेळा फोन कापला. चौथ्यांदा उचलला तो कुजबुजत, "ताई, मीटिंगमध्ये आहे." संध्याकाळी स्वतःहून फोन केला. सगळं ऐकून घेतलं.

"नावात स्पेस असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. "कटला नाव, वय काही कळत नाही. त्याला फक्त तुकडे मोजता येतात. स्पेस दिसली की तोडतं. मशीनच्या सेटिंगमध्ये दोन रकान्यांच्या मधे स्पेसऐवजी टॅब निवडता येतो काय बघा. टॅब नावात येत नाही. मग नाव कितीही शब्दांचं असलं तरी एकच तुकडा राहील."

सेटिंगला पासवर्ड होता. पासवर्ड कंपनीच्या इंजिनिअरकडे. इंजिनिअरच्या नंबरवर एक बाई गोड आवाजात तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे म्हणायची आणि मग गाणं लागायचं. रत्नमालेनं दुपारभर ते गाणं ऐकलं. शेवटी माणूस सापडला, तर म्हणाला, "मॅडम, तुमचा करार संपला आहे. मेल टाका." तिनं मेल टाकला. उत्तर आलं की मेल मिळाला.

भुपेंद्रनं दुसरा उपाय सांगितला होता. नावातले शब्द खालच्या रेघेनं, म्हणजे अंडरस्कोरनं, एकमेकांना जोडायचे, म्हणजे अख्खं नाव एकच तुकडा. मग नंबर पहिला, नाव दुसरा, वय तिसरा, आणि एस कायम सहावा. तिनं एका शिबिराच्या फाइलवर हे करून बघितलं. एकेक नाव जोडलं, कमांडमधले आकडे बदलले, एंटर दाबला. बहुतेक ओळी बरोबर आल्या आणि अधूनमधून एखादीत पुन्हा भलताच आकडा. तिनं कीबोर्डवर हात आपटला. "आता काय खाशील, मले?" पलीकडून शिपाई डोकावून गेला.

पुन्हा फोन. पुन्हा भुपेंद्र. त्यानं ओळीचा फोटो मागवला. नाव जोडताना तिच्याकडून कुठंकुठं एकाऐवजी दोन स्पेस राहून गेल्या होत्या.

"दोन स्पेसच्या मधली रिकामी जागापण कट एक तुकडा म्हणूनच मोजतं, ताई."

"रिकामं म्हणजे तं काहीच नाही ना, भाऊ!"

"त्याच्यासाठी तोही तुकडाच."

तिनं फोन ठेवला, चष्मा काढला, डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी प्रत्येक ओळ मूळ फाइलशी ताडून बघितली. दोन दिवसांनी चुकीच्या अहवालांची नावं समोर आली. वीसेक माणसं. गोदावरीबाईसारखी विनाकारण घाबरलेली दोन-चार. बाकीची सगळी दामिनीसारखी, वाहक असून ‘दोष नाही’चा कागद कपाटात जपून ठेवलेली.

चंद्रकुमारांनी ती नावं वाचली. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांनी संस्थेच्या नागपूरच्या डॉक्टरांना तिच्यासमोर फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून काय बोलणी बसली ते रत्नमालेला ऐकू आलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून म्हणाले, "चला. आधी कोणाकडे जायचं?"

"कापगतेंकडे."

दोघं चंद्रकुमारांच्या मोटरसायकलवरून गेले. दामिनीची आई मंदाबाई ओसरीत धान पाखडत होत्या. आत खाटेवर मनिष पडलेला, गुडघ्याला शेकायची पिशवी बांधलेली. त्याला परवापासून दुखत होतं. दामिनीनं त्यांना बघितलं आणि तिला सगळं कळलं असावं, कारण ती काही न विचारता दाराला टेकून उभी राहिली.

रत्नमालेनं सांगितलं. आडवळण न घेता, आधी चूक आमची, मग निकाल.

मंदाबाईंच्या हातातलं सूप खाली गेलं. "तुमीच तं कागद देल्ला होता."

"हो."

"शिक्का मारून देल्ला होता!"

"हो, मंदाबाई."

"मंग आता कायले आल्या? साखरपुडा झाला तिचा. सगळ्या गावाले माहीत हाये. आता मी तोंड कोणाले दाखवू?" त्या चंद्रकुमारांकडे वळल्या. "साहेब, तुमची पोरगी असती तं तुमी असा खेळ केला असता काय?"

चंद्रकुमारांनी मान खाली घातली. त्यांनी काही सारवासारव केली नाही, एवढं खरं.

दामिनीनं विचारलं, "आमच्या लेकराले मनिषसारखं होईन?"

"दर वेळी चारात एक एवढी शक्यता. दिवस गेल्यावर लवकर तपासता येते. नागपूरला होते ती तपासणी. तुम्ही दोघं डॉक्टरांशी बोला, मग ठरवा. लग्न करू नका असं मी म्हणत नाही. मला म्हणायचा हक्कही नाही."

खाटेवरून मनिष म्हणाला, "बाई, हिले सांगा, मी काही एवढा वाईट नाही." त्याला गंमत करायची होती, पण मधेच कळ आली आणि त्यानं दात दाबले. दामिनी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढं जे झालं त्यानं रत्नमालेचा जीव जास्त जळला. कैलाशच्या घरच्यांनी लग्न मोडलं, आणि मोडताना कोंढ्यात, सानगडीत सगळीकडे सांगितलं की मुलीच्या घरात रोग आहे, लपवून ठेवला होता. कैलाशसुद्धा तेवढाच वाहक होता. त्याचा कागद सगळ्यांत आधी आला होता. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. कैलाश स्वतः एकदा केंद्रात आला, खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, मी तयार होतो. पण घरचे नाही म्हणते."

"निदान हे तं सांग लोकांले, की तुलेही आहे. की तिनं काही लपवलं नाही, चूक आमची होती."

तो हातातल्या किल्ल्या फिरवत राहिला. "सांगतो," म्हणाला. त्यानं सांगितलं नाही.

मग रत्नमालेनंच सांगायचं ठरवलं. संस्थेनं चुकीचा अहवाल दिला होता आणि मुलीचा त्यात दोष नाही, असं पत्र तिनं चंद्रकुमारांकडून लिहून घेतलं. ते ग्रामपंचायतीत द्यायला ती गेली तेव्हा मंदाबाईंनी तिला रस्त्यातच थांबवलं. "नका देऊ. जेवढं विसरले तेवढं विसरले. कागद वाचून पुन्हा आठवन सगळ्यायले." रत्नमाला पत्र पर्समध्ये घालून परत आली. बसमध्ये अश्वजितचीच ड्यूटी होती. त्यानं तिच्या शेजारी उभं राहून तिकिटं फाडली आणि साकोली आल्यावर म्हणाला, "चहा घेऊन जा."

बाकीच्या घरी जाणंही सोपं नव्हतं. एका गावात त्यांना अर्धा तास अंगणात उभं ठेवलं. एका घरी दोघांचं लग्न होऊन बाई गरोदर होती, सुदैवानं नवरा निर्दोष निघाला. तो निकाल येईपर्यंतच्या दिवसांत रत्नमालेला जेवण गेलं नाही. एक जोडपं कामासाठी हैदराबादकडे गेलं होतं, फोन बंद. त्यांचा नवा अहवाल अजून केंद्रातच पडून आहे. ती अधूनमधून नंबर लावते आणि बंद असल्याची सूचना पूर्ण ऐकून घेते.

संस्थेनं खुलासा मागितला. पडताळणी का केली नाही? तिनं लिहिलं की केली नाही, करायला हवी होती. खाली आणखी लिहिलं की अहवालावर आकडा छापला असता तर कोणाच्यातरी लक्षात आलं असतं, आणि मशीनचा करार चालू ठेवणं हे तंत्रज्ञाच्या हातात नसतं. चंद्रकुमार म्हणाले, शेवटच्या दोन ओळी काढा. तिनं काढल्या नाहीत. तिची पगारवाढ त्या वर्षी झाली नाही. आता अहवालावर आकडा छापतात.

मशीनचा इंजिनिअर पावसाळा सरल्यावर आला. त्यानं पासवर्ड टाकला, स्पेसच्या जागी टॅब निवडला आणि विचारलं, "एवढ्यासाठी बोलावलं?" रत्नमालेनं त्याला चहा दिला नाही.

दामिनी तिला नंतर सानगडीच्या बाजारात भेटली. भाजीच्या रांगेत, पिशवीत वांगी घेत होती. रत्नमालेला वाटलं, बघून न बघितल्यासारखं करेल. पण दामिनी थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता असं नाही. तो तिनं लपवलाही नाही.

"ताई, मनिषच्या सिकलच्या कॅप्सूल आल्या काय? मागच्या वेळी नाही म्हणाल्या होत्या."

"नाही आल्या. वरूनच पुरवठा नाही."

"अजून?"

"सोमवारी पुन्हा फोन करते. भंडाऱ्याच्या दवाखान्यातही विचारते."

"तुमी विचारालच. पण येतील तेव्हा खरं." दामिनीनं वांगी वजनाला दिली. मग भाजीवालीला म्हणाली, "किडकी घालू नको व," आणि पिशवी उचलून पलीकडच्या गल्लीत निघून गेली. रत्नमाला तिथंच उभी राहिली, फोन काढला आणि दवाखान्याचा नंबर शोधू लागली.